अंगावर काढलेलं दुखणं

“मामी, मुंग्या लागणार नाहीत असा एखादा कप्पा आहे का गं तुझ्याकडे?”

रिक्षातून उतरता उतरता केतकीनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न! मला वाटलं, वन्संनी लाडवांचा डबा दिला असेल बरोबर. पण तिच्या हातात होती काचपट्ट्यांची लाकडी पेटी, आणि छातीशी, तान्हं बाळ धरावं तसा धरलेला सूक्ष्मदर्शक.

“या पट्ट्यांवर रक्त असतं ना, मुंग्या एका रात्रीत चाटूनपुसून नेतात. मागच्या वर्षी माझी तीन दिवसांची मेहनत गेली त्यात.”

“रक्त?” तुळशीला घालायचं पाणी हातात तसंच धरून सासूबाईंनी विचारलं, “कुणाचं रक्त?”

“पक्ष्यांचं, आजी.”

झालं! मार्गशीर्षातला गुरुवार, घरात घट मांडलेला, आणि नात रक्ताची पेटी घेऊन दारात उभी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण घागर जरा आपटूनच ठेवली त्यांनी.

केतकी माझ्या नणंदेची मुलगी. प्राणिशास्त्रात एम.एससी. करून आता पीएच.डी. करते आहे. विषय, रानपक्ष्यांच्या रक्तातले परोपजीवी. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ वाढतं ना, तसे हे सूक्ष्म जीव पक्ष्याच्या रक्तपेशीत घर करतात आणि त्याच्याच जिवावर जगतात. वन्संना हे नीट सांगता येत नाही. स्थळं येतात तेव्हा “पक्ष्यांवर काहीतरी करते,” एवढं म्हणून त्या पोह्यांची बशी पुढे करतात. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या झुडुपांत पक्षी धरायची परवानगी केतकीला वनखात्याकडून मिळाली होती, म्हणून तीन आठवडे तिचा मुक्काम आमच्याकडे.

खरं सांगू का, मला पाहुणीचा थोडा भारच वाटला होता. केतकीचा नव्हे, कामाचा. गेलं वर्ष-दीड वर्ष मला सारखं थकल्यासारखं व्हायचं. शाळेत चार तास मराठी शिकवून घरी आले, की जिना चढताना मध्येच कठडा धरून उभी राहायची. छातीत धडधडायचं. पण घर, शाळा, मुलांचे अभ्यास, सासूबाईंची पथ्यं, यात थकायला काय झालं, असं मीच माझी समजूत घालायची. पस्तिशी उलटली, आता व्हायचंच असं, हे शेजारणीचं मत. ते मला सोयीचं होतं.

पहिल्या रविवारी केतकी मलाही पहाटे घेऊन गेली. झुडुपांमध्ये तिनं काळ्या बारीक दोऱ्याची जाळी उभी केली होती. इतकी तलम, की पाखराला दिसूच नये. आम्ही दूर बसून राहिलो. दर पंधरा-वीस मिनिटांनी ती उठून बघून यायची. पाखरू जाळीत जास्त वेळ लटकता कामा नये, हा पहिला नियम.

सात वाजता एक लालबुड्या बुलबुल सापडला. केतकीनं तो अलगद सोडवला, कापडी पिशवीत घालून तोलला, पंखाची लांबी मोजली. मग पंख उलगडून, पिसांवर फुंकर घालून कातडीखालची निळी शीर मला दाखवली. बारीक सुई टोचली, आणि केसासारख्या काचनळीत रक्त आपोआप चढलं.

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच. वजनाच्या शंभराव्या हिश्शापेक्षा जास्त कधीच घ्यायचं नाही. बुलबुल तीस-पस्तीस ग्रॅमचा, त्याला हा एक थेंब पुष्कळ झाला.”

कापसाचा बोळा क्षणभर दाबून तिनं मूठ उघडली. बुलबुल भुर्रकन उडाला आणि समोरच्या घाणेरीवर बसून आम्हाला शिव्या घालू लागला.

“चांगला ठणठणीत दिसतोय की!” मी म्हटलं.

“दिसतात सगळेच, मामी. पक्षी आजार दाखवत नाहीत. जो दाखवेल त्याला शिकरा आधी उचलतो. त्यामुळे अगदी टेकीला येईपर्यंत खायचं, गायचं, पिल्लांना भरवायचं, सगळं चालू.”

“म्हणजे अंगावर काढतात,” मी म्हणाले. तेव्हा मी हसले होते.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. त्या थेंबातला बराचसा भाग जनुकीय तपासणीसाठी छोट्या नळीत जपून ठेवलेला. उरलेला कणभर थेंब जागेवरच काचपट्टीच्या टोकाला ठेवून, दुसरी पट्टी तिरकी धरून तिनं झर्रकन पुढे ढकलला होता. धिरड्याचं पीठ तव्यावर पसरावं तसा, पण इतका पातळ, की पेशीवर पेशी चढू नये. पट्टी वाऱ्यावर सुकवायची, मग मिथेनॉलमध्ये बुडवून पक्की करायची आणि जिम्सा नावाच्या जांभळ्या रंगात तासभर ठेवायची. हा रंग जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या गुस्टाफ जिम्सा यांनी १९०४ साली तयार केला, आणि अजून जगभर हिवतापाच्या तपासणीत तोच वापरतात. तो माझ्या ओट्यावरही सांडला! लिंबू झालं, सोडा झाला, डाग हलेना. शेवटी केतकीनं स्पिरिटचा बोळा फिरवला तेव्हा गेला. (मैत्रिणींनो, डाग काढण्याच्या आपल्या वहीत ही एक भर. मात्र स्पिरिट गॅसपासून लांब ठेवा.)

दुपारी सूक्ष्मदर्शक डायनिंग टेबलावर आला. भिंगाखाली तेलाचा थेंब घालून, हजारपट मोठं करून पाहायचं. मी डोळा लावला आणि बराच वेळ मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम सगळं स्थिर झालं. गुलाबी-पिवळसर लांबट चकत्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध जांभळी बी. उभं चिरलेलं बोर जणू.

“ती बी म्हणजे पेशीचं केंद्रक. आपल्या तांबड्या पेशीत ते नसतं, पक्ष्यांच्या असतं. आता काटा हळूहळू सरकव आणि जी पेशी इतरांसारखी नाही ती शोध.”

मी शोधत राहिले. तांदूळ निवडायची सवय इथं कामाला आली म्हणायची! कितीतरी वेळानं एक पेशी दिसली. तिच्या बीला कवेत घेऊन एक निळसर चंद्रकोर बसली होती. जुन्या बायका कपाळावर रेखायच्या तशी. आणि त्या कोरीत काळपट सोनेरी ठिपके, थालीपिठातल्या तिळांसारखे.

“सापडला!” केतकी टाळी वाजवून म्हणाली. “याचं नाव हिमोप्रोटिअस. ठिपके दिसतात ना, ते त्याचं खरकटं. पेशीतलं हिमोग्लोबिन खातो, आणि पचत नाही ते असं मागे ठेवतो.”

हा हिमोप्रोटिअस हिवतापाच्या जंतूचा सख्खा चुलतभाऊ. पक्ष्यांमध्ये तो बहुतेक चिलटासारख्या बारीक चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. आपल्या गॅलरीतल्या कबुतरांत मात्र त्यांच्या पिसांतून सरपटणारी चपटी माशी तो पसरवते. पक्ष्यांचा खरा हिवताप, म्हणजे प्लाझमोडिअम, डासांमार्फत येतो. दोघांत फरक कसा करायचा? प्लाझमोडिअम रक्तपेशीतच आपली वीण वाढवतो, एकाचे अनेक होतात. पेशीत असं दाटीनं भरलेलं पिल्लांचं घरटं दिसलं, की तो प्लाझमोडिअम. हिमोप्रोटिअसची वीण आतल्या अवयवांत होते, रक्तात दिसते ती नुसती चंद्रकोर. तिसरा ल्यूकोसायटोझून. त्याच्यात खरकट्याचे ठिपके नसतात, आणि तो पेशीला ताणून ओळखू न येण्याजोगी करतो. हे फरक पुस्तकात वाचून कळतात, पण डोळ्याला पटायला वर्षं लागतात. केतकी एकेका पट्टीवर हजारो पेशी तपासते, एकही चंद्रकोर सापडली नाही तरी.

“आणि हे सगळं करून कुणाचं भलं होणार?” रात्री जेवताना सासूबाईंनी अखेर विचारलंच. “मुक्या जिवाला सुया टोचायच्या!”

केतकी चिडली नाही. “आजी, तुला लहानपणी हिवताप आला होता ना? डासामुळे येतो, हे कुणी शोधलं माहीत आहे? आणि कुणाच्या रक्तात?”

मग तिनं रोनाल्ड रॉसची गोष्ट सांगितली. हा लष्करी डॉक्टर जन्मला आपल्याकडेच, अल्मोड्याला. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूंच्या गाठी दिसल्या. हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेले ते डास, आणि दर डासामागे त्या रुग्णाला एक आणा! पण पुढचा प्रश्न उरलाच, की पोटातला जंतू दुसऱ्याच्या अंगात जातो कसा? तेवढ्यात बदली झाली राजपुतान्यात, हिवताप फारसा नसलेल्या ठिकाणी. १८९८ मध्ये तो कलकत्त्याला आला, तर तिथं प्लेगची धास्ती. डॉक्टर सुई घेऊन आला म्हणजे काहीतरी टोचणार, या भीतीनं लोक बोट पुढे करीनात. तेव्हा रॉसनं पिंजऱ्यात चिमण्या आणि चंडोल ठेवले. महंमद बक्ष नावाचा त्याचा मदतनीस डास आणि पक्षी गोळा करायचा. त्या जुलैत, आजारी चिमण्यांचं रक्त प्यायलेल्या डासाच्या लाळेच्या ग्रंथीत जंतू सापडले, आणि तेच डास निरोगी चिमण्यांना चावल्यावर त्या आजारी पडल्या. हिवतापाची वाट उलगडली ती अशी. रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

“म्हणजे चिमण्यांनी उपकार केले म्हणायचे,” सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं, “पण त्या पाखरांचा ताप आपल्याला नाही ना येत?”

“नाही गं. त्यांचा त्यांना, आपला आपल्याला. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ मात्र छातीला वाईट, पण ते दुखणं वेगळं.”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी गॅलरीत पाण्याचं मातीचं पसरट भांडं ठेवलं. आणि रोज पाणी बदलायचं, साचू द्यायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं. डास होतात ना!

जनुकीय तपासणीचा भाग आमच्या टेबलावर होण्यासारखा नव्हता, पण केतकीनं तो मला पोळ्या लाटता लाटता समजावला. रक्तातून डीएनए काढायचा. पक्ष्याच्या प्रत्येक पेशीत केंद्रक असल्यानं त्यात बहुतेक सगळा पक्ष्याचाच, परोपजीवीचा म्हणजे तांदळाच्या पोत्यातली मोहरी. ती शोधायची कशी? तर मोहरीच वाढवत न्यायची. एका यंत्रात ते मिश्रण तापवतात, निववतात, पुन्हा तापवतात. तापल्यावर डीएनएचे दोन पदर सुटतात. निवल्यावर, मुद्दाम घातलेले छोटे तुकडे परोपजीवीच्या एका ठरावीक जनुकालाच जाऊन चिकटतात, आणि मग त्याची नक्कल तयार होते. एकाचे दोन, दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आठवते ना, तसं. तीस वेळा दुप्पट केलं, की एकाचे शंभर कोटींच्या वर! मग त्या तुकड्यातली साधारण ४८० अक्षरं यंत्रानं वाचायची. अक्षरं चारच, त्यांचा क्रम तेवढा बदलतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात २००९ पासून अशा हजारो क्रमांची एक नोंदवही ठेवली आहे, ‘मालावी’ नावाची. आपला क्रम तिच्याशी ताडून बघायचा. आधी कुणाला सापडला असेल तर त्याचं नाव-गाव कळतं, नसेल तर नवी नोंद होते. आपल्याकडेही बंगळूरच्या डॉ. फराह इश्तियाक यांनी हिमालयातल्या पक्ष्यांवर हे काम केलं आहे. (वन्संना मी हे मुद्दाम फोनवर सांगितलं.)

“मग हे यंत्र असताना तू डोळे कशाला फोडतेस?” मी विचारलं.

“कारण दोघांच्या चुका वेगळ्या आहेत, मामी. रक्तात जंतू फारच थोडे असले तर डोळा चुकतो, यंत्र पकडतं. पण यंत्र फक्त ‘आहे’ म्हणतं. काय करतोय ते सांगत नाही. माशी चावली, जंतू आत शिरला आणि तिथंच अडकला, वाढलाच नाही, तरी यंत्र ‘आहे’च म्हणणार. एका पक्ष्यात दोन जाती असल्या, तर कधी कधी एकीचंच नाव घेणार. पट्टीवर चंद्रकोर दिसली म्हणजे तो तिथं खरंच नांदतोय. नाव यंत्रानं सांगावं, संसार डोळ्यांनी बघावा.”

आपल्याकडचे पक्षी आणि हे जंतू पिढ्यान् पिढ्या एकत्र राहिले आहेत. पक्षी बहुधा निभावून नेतात. जिथं ही ओळख नव्हती तिथं काय होतं, ते हवाई बेटांवर दिसलं. तिथं डासच नव्हते. १८२६ च्या सुमारास जहाजावरच्या पाण्याच्या पिंपांतून ते उतरले, पुढे बाहेरच्या पक्ष्यांबरोबर हिवताप आला, आणि मध पिणारी तिथली रंगीत पाखरं पटापट मेली. इइवी नावाचा एक लालभडक पक्षी आहे. प्रयोगात, हिवतापाचा डास एकदाच चावलेल्या दहांतले नऊ मेले. २०२३ साली अमेरिकी सरकारनं हवाईतल्या आठ जातींचे पक्षी कायमचे नाहीसे झाल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षापासून तिथं माऊई बेटावर खास वाढवलेले नर डास सोडताहेत. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी जुगलेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. कुठल्या पक्ष्यात कोण राहतं, हे आधी माहीत असलं तरच असे उपाय करता येतात.

आता माझी गोष्ट.

मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात केतकी म्हणाली, “मामी, तुझा एक थेंब दे ना. माणसाची पेशी कशी दिसते ते तुला दाखवते.” नवी सुई काढून तिनं माझं बोट टोचलं, पट्टी केली, रंगवली. मी आधी पाहिलं. गोल गोल चकत्या, मध्ये बी नाही. छान दिसत होत्या. मग तिनं डोळा लावला. काटा सरकवत राहिली, सरकवतच राहिली. नेहमी बडबडणारी पोरगी गप्प.

“मामी, तुझं हिमोग्लोबिन कधी तपासलं होतंस?”

“धाकट्याच्या वेळी. का गं?”

“मी डॉक्टर नाही, आणि ही पट्टीही नुसती दाखवायला केलेली. पण तुझ्या पेशी मला लहान वाटतात. मध्ये जितक्या फिकट असाव्यात, त्याहून जास्त फिकट आहेत. नुसत्या माझ्या डोळ्यावर विसंबू नको, उद्या रक्त तपासून घे.”

मी उडवून लावलं. दुसऱ्या दिवशी सहामाहीचे पेपर द्यायचे होते, तिसऱ्या दिवशी संकष्टी. मग सासूबाईंनीच फर्मावलं, “पाखरांचं रक्त बघायला वेळ होता तुला, स्वतःचं बघायला नाही? चल, मी येते बरोबर.”

हिमोग्लोबिन निघालं ७.८. बाईला निदान बारा तरी असावं. डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारलं, तेव्हा मी सांगितलं, की दीड वर्षापासून पाळीत अंगावरून फार जातं, सात-आठ दिवस चालतं. आजवर कुणाला बोलले नव्हते. यांनाही नाही. बायकांचं असतंच असं, म्हणून गप्प बसले होते. सोनोग्राफी झाली, लहानशी गाठ निघाली. घाबरण्यासारखी नाही, पण औषध हवं अशी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, तिच्या आगेमागे तासभर चहा नाही, हे पथ्य मला सगळ्यांत जड गेलं! सासूबाईंनी हळिवाचे लाडू केले. “यांनी तेवढं भरून निघणार नाही, गोळी चुकवायची नाही,” असंही वर बजावलं. तीन महिन्यांनी आकडा ११.४ झाला. परवा जिना चढून वर आले आणि लक्षात आलं, की कठडा धरलाच नाही.

ज्या दिवशी ७.८ चा कागद हाती आला त्या रात्री यांनी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” मला उत्तर देता आलं नाही. घाणेरीवरचा तो बुलबुल आठवला. त्याला शिकऱ्याची भीती असते. मला कुणाची होती? माझ्या घरात कुणी शिकरा नव्हता. मी थकले म्हटलं असतं, तर कुणी टोचून खाणार नव्हतं. फार तर एक दिवस पिठलं-भातावर भागलं असतं.

गेल्या आठवड्यात केतकीचा निरोप आला. त्या पहिल्या बुलबुलाच्या रक्तातला क्रम वाचून झाला. पट्टीवर दिसलेलाच खरा, हिमोप्रोटिअसच निघाला. दोन्ही तपासण्यांचं एकमत. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “आणि तो बुलबुल कसा आहे?”

तो कसा आहे हे कोण सांगणार! गॅलरीतल्या भांड्यावर रोज दोन बुलबुल येतात. पाणी पितात, पंख झटकतात, जास्वंदीवर बसून भांडतात. वरून बघून काही कळत नाही. मैत्रिणींनो, आपल्याकडे वरून बघूनही काही कळत नाही. पाखरांना सांगता येत नाही म्हणून त्यांच्यासाठी केतकीसारखं कुणीतरी पहाटे उठून, एकेका थेंबात हजारो पेशी धुंडाळत बसतं. आपल्याला तर बोलता येतं.